हंगामी माणसांचा आरोग्यविमा

बीड शहराहून दक्षिणेस मांजरसुंब्याच्या घाटाकडे जाऊं लागलें म्हणजे वाटेंत पाली हें गांव लागतें. बालाघाटाच्या डोंगरांतून उतरणारी बिंदुसरा नदी ह्या गांवाजवळ बांध घालून अडविलेली आहे. दसरा सरून दिवाळी तोंडावर आली, कीं ह्या रस्त्यावरून मालमोटारी आणि ट्रॅक्टर जाऊं लागतात. त्यांत माणसें असतात, भांडींकुंडीं असतात, शेळ्या असतात, दूधपितीं मुलें असतात. मुकादमाच्या हिशेबांत ह्या लोकांस 'कोयते' म्हणतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. माणसांच्या जोडीस हत्याराचें नांव पडावें, ह्यांतच त्यांच्या जिण्याचें बरेंचसें वर्णन आलें. पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखरपट्ट्यांत पांच-सहा महिने ऊंस तोडून हे लोक उन्हाळ्यांत आपापल्या गांवीं परततात.

माणूस आजारी पडला म्हणजे त्याचें दोन प्रकारचें नुकसान होतें: औषधपाण्याचा खर्च हें एक, आणि बुडालेली मजुरी हें दुसरें. हें नुकसान एकट्याच्या डोक्यावर न पडतां सर्वांनीं मिळून सोसावें, ही आरोग्यविम्याची मूळ कल्पना होय. ऊंसाच्या फडांत मात्र ह्याच्या अगदीं उलट रीत आहे. ज्या दिवशीं कोयता चालत नाहीं त्या दिवसास 'खाडा' म्हणतात, आणि खाड्याचा दंड आगाऊ घेतलेल्या उचलीच्या कर्जांत चढतो. अलीकडच्या वृत्तांतांवरून हा दंड रोजचा ५०० रुपयांपर्यंत असल्याचें दिसतें. गिरणींतील विमेदार कामगारास आजारपणाच्या दिवसांबद्दल पैसे मिळतात. फडांतील बाईस आजारपणाच्या दिवसांबद्दल पैसे द्यावे लागतात. एकाच राज्यांत हे दोन न्याय शेजारीं शेजारीं कसे नांदूं लागले, ह्याचा इतिहास पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

ह्या विम्याचा उगम सांगतांना जर्मनीचें नांव प्रथम घेण्याची वहिवाट आहे, आणि ती योग्यच आहे. बिस्मार्कनें १८८३ सालीं कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा करविला. १८८४ सालीं अपघाताच्या आणि १८८९ सालीं वृद्धापकाळाच्या विम्याचा कायदा झाला. समाजवादी पक्षाची धार बोथट करावी, हा त्याचा अंतस्थ हेतु होता. परंतु ह्याच सुमारास, १८८४ च्या सप्टेंबरांत, मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं गिरणी-कामगारांच्या सभा भरवून सुमारें ५,५०० सह्यांचें मागणीपत्र तयार केलें, ह्याची आठवण आमच्याकडे क्वचितच निघते. त्यांत रविवारची सुट्टी आणि दुपारची विश्रांति ह्यांबरोबर आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्या माणसास तो बरा होईपर्यंत पगार मिळावा, आणि जन्माचें अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. रविवारची सुट्टी १८९० सालीं मिळाली. दुसऱ्या मागणीस कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्याचें रूप येण्यास मात्र १९२३ साल उजाडावें लागलें.

विम्याच्या यंत्राची रचना येथें थोडी समजून घेतली पाहिजे. कारण पुढील सारा इतिहास त्या रचनेंतून निघाला आहे. जर्मनींत वर्गणीचा दोनतृतीयांश भाग कामगार देई व एकतृतीयांश मालक देई. इंग्लंडांत लॉइड जॉर्ज ह्यांच्या १९११ च्या कायद्यानें आठवड्यास कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन आणि सरकारचे दोन असा वांटा ठरला. आंकडे निराळे असले तरी पद्धत एकच. वर्गणी पगारांतून कापावयाची, म्हणजे पगार देणारा एक ठरलेला मालक पाहिजे, त्याच्यापाशीं पगाराची वही पाहिजे, आणि त्या वहींत माणसाचें नांव पाहिजे. ज्या समाजांत बहुतेक लोक कारखान्यांत काम करतात तेथें हें यंत्र सुरळीत चालतें. ज्या समाजांत बहुतेक लोक शेतांत, बाजारांत आणि रस्त्यावर पोट भरतात, तेथें तें वहीपाशीं येऊन थबकतें.

आमच्याकडे ह्या प्रश्नाला पहिलें खरें तोंड फुटलें तें बाळंतपणाच्या निमित्तानें. मुंबईच्या कायदेमंडळांत १९२८ सालीं आसवले ह्यांनीं आणलेल्या प्रसूतिभत्त्याच्या विधेयकावर बोलतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्यास पाठिंबा दिला. मातेस विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, म्हणून त्याचा पुष्कळसा भार वास्तविक सरकारनें उचलला पाहिजे, असें त्यांचें म्हणणें होतें. पुढल्या वर्षीं कायदा झाला. भार मात्र मालकावर पडला. आणि एकट्या मालकावर भार पडला म्हणजे तो बाईस कामावर घेण्याचेंच टाळूं पाहतो, हा दोष अशा कायद्यांत नेहमींच राहतो. तो टाळावयाचा तर भार पुष्कळांत वांटला पाहिजे, म्हणजेच विमा पाहिजे. मजुरांच्या स्थितीचा विचार करण्यासाठीं नेमलेल्या रॉयल कमिशननेंही १९३१ सालीं आजारपणाच्या विम्याची दिशा दाखविली होती.

तरी पुढें बारा वर्षें कांहीं घडलें नाहीं. अखेर १९४३ च्या मार्चांत हिंदुस्थान सरकारनें प्रा. बी. पी. आडारकर ह्यांस कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आंखण्याचें काम दिलें. त्या वेळीं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूरखातें आंबेडकरांकडे होतें. इंग्लंडांत सर विल्यम बेव्हरिज ह्यांचा प्रसिद्ध अहवाल १९४२ च्या डिसेंबरांत बाहेर पडलेला होता. त्यावरून आडारकरांस लोक 'छोटे बेव्हरिज' म्हणूं लागले. त्यांनीं १५ ऑगस्ट १९४४ रोजीं अहवाल सादर केला. कापड, यंत्रकाम आणि खनिजें व धातु ह्या तीन धंद्यांतील बारमाही कारखान्यांपासून आरंभ करावा, अशी त्यांची सूचना होती. 'बारमाही' ह्या शब्दाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें.

ह्याच काळांत सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं दुसरी एक समिति काम करीत होती. तिचा अहवाल १९४६ सालीं प्रसिद्ध झाला. पैसे देतां येत नाहींत एवढ्याच कारणानें कोणीही उपचारांवांचून राहूं नये, हें तिचें मुख्य सूत्र. आणि त्यासाठीं खेड्याखेड्यांपर्यंत सरकारी दवाखान्यांची सांखळी कराच्या पैशांतून उभी करावी, असा तिचा सल्ला. आडारकरांचा मार्ग वर्गणीचा, भोर समितीचा कराचा. एकानें ज्याचें नांव वहींत आहे त्यास धरिलें, दुसरीनें ज्याचें नांव कोणत्याच वहींत नाहीं त्याचाही विचार केला. हे दोन मार्ग परस्परांस पूरक होते. परंतु पहिल्याचा लगेच कायदा झाला, आणि दुसऱ्याची पुरती उभारणी देशाच्या बहुतेक भागांत अद्याप व्हावयाची आहे.

कर्मचारी राज्य विम्याचा कायदा १९४८ च्या एप्रिलांत झाला. त्या महिन्यांत पाली आणि सबंध बीड जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. सप्टेंबरांत तें राज्य संपलें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. म्हणजे कायदा झाला तेव्हां पालीकर त्याच्या हद्दीबाहेर होते. हद्द पुढें आली तरी ते बाहेरच राहिले. ह्याचें कारण कायद्याच्या एका व्याख्येंत आहे. हा कायदा हंगामी कारखान्यांस लागू नाहीं. आणि हंगामी कारखाने कोणते, तर सरकी काढणारे, कापसाच्या वा तागाच्या गांठी बांधणारे, भुईमूग फोडणारे, नीळ, लाख, कॉफी, चहा, रबर आणि साखर करणारे. साखरेंत गूळही धरलेला. त्या यादींतील 'साखर' हा शब्द तीन अक्षरांचा आहे. त्यानें किती माणसें बाहेर ठेविलीं ह्याची मोजदाद कोणीं केली नाहीं.

हा अपवाद दुष्टपणानें घातला गेला असें म्हणण्याचा आमचा मुळींच आशय नाहीं. जो माणूस वर्षांतून पांच महिने वर्गणी देतो व सात महिने देत नाहीं, त्याचा हक्क कोणत्या दिवसापासून धरावा, आणि तो आपल्या गांवीं परतल्यावर त्यास औषध कोणीं द्यावें, हे प्रश्न नव्या खात्यास खरोखरच अवघड होते. आधीं जमेल तेथें आरंभ करावा, मग कक्षा वाढवावी, हें धोरण शहाणपणाचें होतें. पंडित नेहरूंच्या हस्ते २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपुरास योजनेचें उद्घाटन झालें. दिल्ली आणि कानपूर मिळून सुमारें १,२०,००० कामगार तींत आले. मुंबईस ती १९५४ सालीं आली. आज ती महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांस लागू असून २०१९ पासून मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के वर्गणी देतो. त्या बदल्यांत कुटुंबाला औषधोपचार, आजारपणांत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन, आणि बाळंतपणांत २६ आठवडे पगार मिळतो. तिच्या दवाखान्यांविषयीं तक्रारी पुष्कळ आहेत. तरी आजारी माणसाची चूल विझूं देऊं नये हें तत्त्व तिनें सोडलेलें नाहीं. दोष आरंभाच्या धोरणांत नव्हता. कक्षा वाढविण्याचें मागाहून राहून गेलें, ह्यांत होता.

दरम्यान साखरेचा धंदा मात्र थांबला नाहीं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नानें प्रवरेकांठीं १९५० सालीं सहकारी कारखाना सुरू झाला, आणि त्यामागून पश्चिम महाराष्ट्रांत कारखान्यांची रांग उभी राहिली. ह्या कारखान्यांस तोडणीसाठीं माणसें पाहिजे होतीं. बालाघाटाच्या कोरडवाहू गांवांस काम पाहिजे होतें. १९७२ च्या दुष्काळानें ही ओढ आणखी वाढविली. परंतु तोडणीकरी कारखान्याच्या वहींत आला नाहीं. कारखाना वाहतूकदाराशीं करार करतो, वाहतूकदार मुकादमास पैसे देतो, मुकादम उचल वांटतो आणि कोयता बांधून घेतो. मोबदला दिवसावर नाहीं, टनावर. कांट्यावर ऊंसाचें वजन किलोपर्यंत नोंदलें जातें; तो तोडणाऱ्या बाईचें नांव मात्र पुष्कळदां कोठेंच लिहिलें जात नाहीं. साखर कारखान्यास अपवाद होताच; त्यांत हा दुसरा पडदा पडला.

पन्नास वर्षांनीं दुसऱ्या दिशेनें प्रयत्न झाला. वर्गणी गोळा करतां येत नाहीं, तर ती सरकारनेंच भरावी, अशी ही दिशा. महाराष्ट्रांत १९९७ सालीं जीवनदायी योजना निघाली. केंद्र सरकारनें २००८ सालीं दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठीं ३०,००० रुपयांची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना काढली. आंध्र प्रदेशाच्या आरोग्यश्रीचा कित्ता पुढें ठेवून २०१२ च्या जुलैंत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ च्या नोव्हेंबरांत साऱ्या राज्यांत पसरली. पिवळी वा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार तींत मिळूं लागले. २०१७ सालीं तिला महात्मा जोतिराव फुले ह्यांचें नांव मिळालें. २०१८ सालीं ५ लाखांची केंद्राची आयुष्मान भारत योजना तिला जोडण्यांत आली. आणि २०२३ सालीं राज्यांतील सर्व कुटुंबांस ५ लाखांचें संरक्षण देण्याचा निर्णय झाला. पिवळ्या कार्डावर हृदयाची शस्त्रक्रिया झाली, मूत्रपिंडाचा उपचार झाला, अशीं घरें आज खेड्यापाड्यांतून भेटतात. शेत विकल्यावांचून माणूस वांचला, हें लहान सुख नव्हे.

तथापि ह्या योजनांनीं आजारपणाच्या दोन नुकसानांपैकीं एकाचाच भार उचलला, आणि तोही अर्धाच. त्या रुग्णालयांत दाखल झालेल्या माणसाचें बिल देतात. दाखल होण्यापूर्वीं महिनोन्महिने अंगावर काढलेल्या दुखण्याचें औषध देत नाहींत, आणि बुडालेली मजुरी तर मुळींच देत नाहींत. योजनेंत नोंदलेलीं रुग्णालयें बहुधा शहरांत असतात. तोडणीचा तळ असतो फडाच्या बांधावर. पाळीच्या वेळीं स्वच्छ पाणी व आडोसा नाहीं, डोक्यावर मोळी, पहाटेस उठून गाडी भरावयाची: अशा जिण्यांतून जीं दुखणीं उपजतात त्यांस पाहिजे असते ती वेळेवर मिळणारी गोळी, शहाणी परिचारिका आणि दोन दिवसांची विश्रांति. ह्या तिन्ही गोष्टी कोणत्याही शस्त्रक्रियांच्या यादींत बसत नाहींत.

ह्याचा परिणाम काय झाला तें २०१९ सालीं साऱ्या देशानें पाहिलें. बीड जिल्ह्यांत खाजगी रुग्णालयांतून तरुण ऊंसतोड स्त्रियांचीं गर्भाशयें मोठ्या संख्येनें काढलीं जात असल्याचें उघडकीस आलें. तीन वर्षांत ९९ खाजगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचें आरोग्यमंत्र्यांनीं विधिमंडळांत सांगितलें. डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्यांत आली. जिल्ह्यांत पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें, म्हणजे शंभरांत सुमारें सतरा. देशांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हेंच प्रमाण, २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें, शंभरांत सुमारें तीन होतें. कित्येकींस कर्करोगाची भीति घालण्यांत आली. कित्येकींनीं खर्चासाठीं मुकादमाकडून पुन्हां उचल घेतली. पुढें जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीखेरीज खाजगी रुग्णालयांनीं ही शस्त्रक्रिया करूं नये, असें ठरविण्यांत आलें.

ह्या प्रकरणाचा दोष केवळ लोभी डॉक्टरांवर टाकून मोकळें होतां येईल. पण तें पुरतें खरें होणार नाहीं. दर महिन्यास दोन-तीन दिवसांचा खाडा आणि त्याचा दंड, ह्यापेक्षां एकदांचा तो अवयवच नको, असा हिशेब जेथें बाईस करावा लागतो, तेथें विम्याच्या अभावाची किंमत शरीरानें चुकविली जाते. आणि नुसत्या शस्त्रक्रियेच्या विम्यानें हें टळलें असतें असेंही नाहीं. छत्तीसगडांत आणि बिहारच्या समस्तीपुरांत ह्याच जातीच्या अनावश्यक शस्त्रक्रिया २०१२ च्या सुमारास राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या पैशांवर झाल्याचे आरोप झाले होते. सुरीस पैसे आणि विश्रांतीस दंड, अशी जेथें व्यवस्था आहे, तेथें सुरीच अधिक चालणार.

मग सुधारणा कशी व्हावी? ह्याचें उत्तर परदेशांत शोधण्यापूर्वीं आपल्याच राज्यांत शोधावें. मुंबईच्या बाजारांत ओझीं वाहणाऱ्या माथाडी कामगारास ठरलेला मालक नव्हता. आज ह्या गाळ्यावर, उद्यां त्या. अण्णासाहेब पाटील ह्यांच्या चळवळींतून १९६९ सालीं माथाडी कायदा झाला. कामगार मंडळाकडे नोंदला जातो. ज्याचा माल उचलला तो व्यापारी मजुरीवर ठराविक टक्के लेव्ही मंडळाकडे भरतो. आणि त्यांतून भविष्यनिर्वाह निधि, रजा, औषधोपचार ह्यांची सोय होते. मालक बदलला तरी वही बदलत नाहीं. ज्या वहीच्या अभावीं १९४८ चें यंत्र थबकलें होतें, ती वहीच ह्या कायद्यानें निर्माण केली.

ऊंसतोडीस हीच वाट मोकळी आहे, कारण येथें मोजणी आधींपासूनच चोख आहे. गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नांवाच्या ऊंसतोड कामगार कल्याण महामंडळासाठीं गाळपाच्या दर टनामागें कारखान्याचे १० रुपये आणि तितकेच सरकारचे, असें २०२१ सालीं ठरलें. चांगल्या हंगामांत राज्यांत १० कोटि टनांहून अधिक ऊंस गाळला जातो. म्हणजे कारखान्यांचा वांटाच १०० कोटि रुपयांच्या वर जातो. हा पैसा नुसत्या कल्याणाच्या नांवाखालीं न ठेवतां विम्याचा हक्क म्हणून बांधून दिला, नवरा आणि बायको ह्या दोघांचीं नांवें निरनिराळीं नोंदलीं, आणि आजारपणाच्या व बाळंतपणाच्या दिवसांची मजुरी त्यांतून दिली, तर खाड्याचा दंड आपोआप अन्यायाचा ठरेल. जोडीस तळापर्यंत जाणारी परिचारिका पाहिजे; तें काम विम्याचें नव्हे, भोर समितीनें सुचविलेल्या सरकारी आरोग्यसेवेचें आहे. जपानांत १९३८ सालीं खेडुतांचा निराळा आरोग्यविमा निघाला व १९६१ सालीं तो सर्वांस पोंचला. थायलंडनें २००२ सालीं वहीबाहेरच्या लोकांची जबाबदारी सरळ करावर टाकली. ह्या देशांनीं कारखाना खेड्यापर्यंत येण्याची वाट पाहिली नाहीं.

साखर महागेल, कारखाने बुडतील, असा आक्षेप येईल. गिरण्यांविषयींही हेंच म्हटलें गेलें होतें. खरी अडचण मुकादम आणि कारखाना ह्यांपैकीं मालक कोणास म्हणावें ही आहे, आणि ती कायद्यानेंच सुटणारी आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें जुना विमा-कायदा पोटांत घेतला, ती २०२५ च्या नोव्हेंबरांत अंमलांत आली. परंतु हंगामी कारखान्याचा अपवाद तिच्यांतही तसाच उतरला आहे. असंघटितांसाठीं योजना कराव्या असें ती म्हणते. योजना आणि हक्क ह्यांतील अंतर आमच्या वाचकांस सांगावयास नको.

लोखंडे ह्यांच्या सभेंतील गिरणीकामगारांनीं दान मागितलें नव्हतें. आम्ही काम करतांना पडलों तर आमचा पगार थांबवूं नका, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. पालीच्या रस्त्यानें दरवर्षीं जाणाऱ्या बायकांचें म्हणणें त्याहून निराळें नाहीं. आमच्या घरांत सकाळीं चहांत पडणारी साखर बारमाही असते. ती तोडून देणारें माणूस तेवढें हंगामी, हा हिशेब केव्हांतरी दुरुस्त केला पाहिजे.